दरबारचा जोडा व वाटेची वहाण

जुन्या दप्तरांतील कापडचोपडाच्या, लग्नखर्चाच्या किंवा बक्षिसाच्या याद्या वाचतांना 'जोडा' हा शब्द आला म्हणजे वाचकानें क्षणभर थांबावें, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे. जोडा म्हणजे पायांत घालावयाचा जोडा, हें खरें. परंतु धोतरजोडा, शालजोडी हींही त्याच कुळांतील नांवें आहेत. मोडींत एकाच शिरोरेषेखालीं शब्द सलग लिहिण्याची वहिवाट असल्यामुळें 'धोतर' व 'जोडा' हे दोन शब्द शेजारीं आले असतां कारकुनाला एक धोतरजोडा अभिप्रेत होता, कीं एक धोतर व एक पायांतला जोडा, हें केवळ अक्षरांवरून ठरत नाहीं. तें ठरविण्यास शेजारची किंमत, देणारा, घेणारा व प्रसंग पाहावा लागतो. पादत्राणाचा विषय इतिहासाच्या अभ्यासकास क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. पण प्रसंग पाहिल्याशिवाय जोडा वाचतां येत नाहीं, ही गोष्टच त्या विषयाचें मर्म आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' यापासून आलेला, व 'पायतण' हा 'पादत्राण' याचा झिजून झालेला. 'पायपोस' हा फारसी 'पापोश' म्हणजे पायाचें आच्छादन. तो मराठींत इतका मुरला कीं, गोंधळाच्या घरीं कोणाचा पायपोस कोणाच्या पायांत नाहीं, असें आपण सहज म्हणतों. 'सपाता' हा पोर्तुगीज लोकांबरोबर किनाऱ्यावर उतरलेला शब्द, व 'बूट' हा इंग्रजांच्या मागून आलेला. लांकडाच्या 'खडावा' यांहून निराळ्या. त्यांत कातडें नसल्यामुळें सोवळ्यांतील मनुष्यास व संन्याशास त्या चालत. पायांत घालावयाच्या एका वस्तूस इतकीं नांवें असण्याचें कारण केवळ परकीयांचा संसर्ग हें नव्हे. प्रत्येक नांवामागें एक ठिकाण व एक पायरी आहे. शेतांत वहाण, दरबारांत जोडा, देवघराच्या वाटेवर खडावा आणि कचेरींत बूट, अशी ही विभागणी आहे.

हा विचार आम्हीं चौसाळें या गांवाच्या निमित्तानें मांडीत आहों. बीडहून दक्षिणेस मांजरसुंब्यावरून धाराशिवाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशांत हें गांव आहे. हाच रस्ता पुढें तुळजापुरास जातो. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ त तो द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्र राज्यांत आला. पादत्राणांच्या बाबतींत चौसाळ्याचा कांहीं विशेष लौकिक नाहीं, आणि म्हणूनच तें आमच्या उपयोगाचें आहे. कोल्हापुरास गेलें असतां चपलेचा कसब दिसतो, पुण्यास जोड्याचा डौल दिसतो. परंतु सामान्य माणूस रोज काय घालीत होता व प्रसंगीं काय घालीत होता, हें अशाच वाटेवरच्या गांवीं नीट दिसतें. शिवाय येथील जुन्या कागदांची भाषाही तिहेरी आहे. गांवकीचे कागद मोडींत, दिवाणी दप्तर आधीं फारसींत, आणि १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूनें घेतल्यावर उर्दूंत. तेव्हां एकाच पाटलाचें पायतण मोडींत जोडा, फारसींत पापोश व उर्दूंत जूता होऊन बसतें, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

रोजच्या वहाणेचा इतिहास बलुत्याशीं बांधलेला आहे. चांभार हा बारा बलुतेदारांतील एक. कुणब्याच्या घरच्या माणसांच्या वहाणा करणें व सांधणें, मोटेच्या चामड्याचें काम पाहणें, वाद्या पुरविणें, हें त्याचें काम. आणि त्याबद्दल रोख पैसा नव्हे, तर सुगीच्या वेळीं खळ्यावरचा धान्याचा वांटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या व्यवहाराचें सविस्तर वर्णन आहे. या व्यवस्थेचा एक परिणाम इतिहासाच्या साधनांवर झाला, तो असा कीं, रोजच्या वहाणेची किंमत बहुधा कोठें लिहिलीच गेली नाहीं. जी वस्तु विकत घेतली जात नाहीं ती जमाखर्चांत येत नाहीं. उलट समारंभाचा जोडा बाजारांतून किंवा शहरांतून आणावा लागे, म्हणून तो यादींत सांपडतो. केवळ कागदांवर विसंबणाऱ्यास असें वाटेल कीं, गांवांत पाटील, देशमुख व नवरदेव एवढेच काय ते पायांत कांहीं घालीत होते. प्रत्यक्षांत मुरमाड जमीन, बाभळीचे कांटे व वैशाखाचें ऊन यांत वहाणेवांचून शेतकऱ्याचें चालणें कठीण होतें. महाभारताच्या अनुशासनपर्वांत छत्र व उपानह यांच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तींतही जमदग्नीच्या बाणांमागें धांवून रेणुकेचे पाय व मस्तक उन्हानें पोळले, तेव्हां सूर्यानें तीं दोन्हीं दिलीं, असेंच सांगितलें आहे. पादत्राणाचें मूळ प्रयोजन शोभा नसून तापलेली भूमि हें आहे.

आतां घडणीकडे पाहूं. शेतकऱ्याच्या वहाणेस जाड तळ, वर पट्टा व अंगठा असतो. अंगठ्यामुळें ती चालतांना पायास धरून राहते, चिखलांत भिजली तर वाळते व तुटली तर वादीनें सांधतां येते. समारंभाचा जोडा याच्या उलट. त्याचें कातडें मऊ, रंग तांबडा, पुढें चोंच किंवा नक्षी, कोठें जरीचें काम. हैदराबादेकडे सलीमशाही जोड्याचा मान. परंतु त्याचा खरा विशेष शोभेंत नाहीं. त्याला बंद नाहीं, बक्कल नाहीं. त्याची टाच पुष्कळदां दाबलेली असते. म्हणजे उंबरठ्याशीं येतांच हात न लावतां, न वांकतां, तो पायांतून सोडतां येतो व निघतांना तसाच पायांत सरकवितां येतो. कातड्यास हात लागणें अप्रशस्त मानणाऱ्या समाजांत ही सोय लहान नव्हती. हा जोडा घालून जावयाचें ठिकाण म्हणजे तो काढून ठेवावयाचें ठिकाण होय. रोजचें पायतण आपल्या पायास जपे. समारंभाचें पायतण दुसऱ्याच्या उंबरठ्यास जपे. निवड करतांना जुना मनुष्य हा भेद मनांत ठेवी.

युरोपांतील रीत याच्या अगदीं विरुद्ध होती. तेथें आदरासाठीं टोपी काढावयाची व जोडा पायांत ठेवावयाचा. आपल्याकडे पागोटें डोक्यावर ठेवावयाचें व जोडा बाहेर. बैठक जमिनीवर गालिचा किंवा जाजम घालून होत असल्यामुळें हें योग्यही होतें. या दोन रीतींची पुढें गांठ पडली, तिचा विचार करण्यापूर्वीं आपल्या घरची एक प्रसिद्ध हकीकत पाहिली पाहिजे.

इ. स. १७९२ च्या जून महिन्यांत महादजी शिंदे उत्तरेंतून पुण्यास आले. बादशहा शाहआलम याजकडून पेशव्यांस वकील-इ-मुत्लक या पदाचीं फर्मानें व वस्त्रें त्यांनीं आणिलीं होतीं. डी बॉयनच्या कवायती पलटणींमुळें त्या वेळीं हिंदुस्थानांत त्यांच्या तोडीचा सरदार नव्हता. आणि समोर सवाई माधवराव अठरा वर्षांचे. ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत जी हकीकत दिली आहे तिचा सारांश असा. महादजी हत्तीवरून उतरून पायीं दरबारांत आले व सर्व मानकऱ्यांच्या खालीं बसले. पेशव्यांनीं वर बसण्याचा आग्रह केला असतां त्यांनीं काखेंतील गाठोडें सोडून नवे जोडे काढले, ते पेशव्यांपुढें ठेवले, हेंच आपल्या वडिलांचें काम होतें व तेंच आपलें, असें म्हटलें, आणि पेशव्यांचे वापरलेले जोडे कापडांत गुंडाळून काखेस मारले. महादजींचे वडील राणोजी हे पेशव्यांचे जोडे सांभाळीत व एकदां ते छातीशीं घट्ट धरून निजलेले धन्यास दिसले, म्हणून त्यांचें दैव उघडलें, ही आख्यायिका माल्कमनें मध्यहिंदुस्थानावरील आपल्या १८२३ सालच्या ग्रंथांत दिली आहे.

या प्रसंगास कोणी निष्ठा म्हणतो, कोणी नाटक म्हणतो. राणोजींची आख्यायिका शिंद्यांचें कुळ हलकें दाखविण्यासाठीं रंगविली गेली, असेंही म्हणतां येईल. कारण तें घराणें कण्हेरखेडच्या पाटिलकीचें होतें. आमचा मुद्दा या वादाहून वेगळा आहे. ही खूण दरबारांतील प्रत्येकास तत्काळ कळली, तिचें भाष्य करावें लागलें नाहीं, हें महत्त्वाचें. जोडा बाहेर काढला कीं तो कोणाच्या तरी स्वाधीन करावा लागतो, आणि ज्याच्या स्वाधीन तो केला त्याच्यावर धन्याचा विश्वास असतो. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या, आणि आषाढीस संतांच्या पादुकाच पालखींतून पंढरीस जातात. या परंपरेंत वाढलेल्या लोकांस धन्याचे जोडे काखेस मारणें हें अपमानाचें काम वाटत नव्हतें. तें जवळिकीचें काम होतें. महादजींनीं ही जवळीक नाना फडणिसांच्या देखत मागितली, यांतच त्यांचें राजकारण होतें.

इंग्रजांचें राज्य स्थिरावल्यावर याच वस्तूचा अर्थ पालटला. त्यांच्या कचेऱ्यांतून व दरबारांतून एतद्देशीयांनीं जोडे बाहेर काढावे, अशी वहिवाट त्यांनीं आपणहून उचलली. स्वतः मात्र बूट घालूनच बसत. १८५४ सालीं डलहौसीच्या कारकीर्दींत सरकारनें ठराव केला कीं, युरोपीय धर्तीचे बूट घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांनीं ते सरकारी प्रसंगीं पायांत ठेवण्यास हरकत नाहीं. या ठरावाचें तात्पर्य वाचकांच्या ध्यानांत येईल. देशी जोडा बाहेर, विलायती बूट आंत. त्या दिवसापासून औपचारिक प्रसंगीं काय घालावें, हा प्रश्न सुशिक्षित पुरुषास नव्यानें पडला. १८६२ सालीं सुरतेच्या फौजदारी अदालतींत माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनीं जोडा काढण्याचें नाकारलें, तेव्हां हा वाद वृत्तपत्रांतून गाजला. बंद असलेला बूट काढणें अवघड, म्हणून तो पायांत राहिला, असें कोणी म्हणेल. वास्तविक तो काढावा लागूं नये म्हणूनच पुष्कळांनीं घातला.

चौसाळ्याच्या मुलखावर ज्यांची सत्ता होती त्या हैदराबादच्या दरबारीं तर याहून स्पष्ट उदाहरण घडलें. तेथें इंग्रज रेसिडेंट निजामासमोर बूट काढून जमिनीवर बैठक घालीत असे. १८६९ च्या फेब्रुवारींत अफजलउद्दौला मृत्यु पावले व मीर महबूब अली खान हे अडीच वर्षांचे मूल गादीवर आले. तेव्हां रेसिडेंट सॉण्डर्स यानें, आपण व आपले अंमलदार खुर्च्यांवर व पायांत बूट ठेवून बसूं, असा आग्रह धरला व सर सालार जंगांच्या कारभारांत तो मान्य झाला. राज्याची एक तसूही जमीन गेली नाहीं, तहाचें एक कलम बदललें नाहीं. पण दरबारांत हजर असणाऱ्या प्रत्येकास सत्ता कोणाची हें समजून चुकलें. १८७५ नंतर ब्रह्मदेशांत याच आग्रहामुळें इंग्रज वकिलाची व राजा मिंडॉनची भेटच बंद पडली. एका दरबारानें मान्य केलें व दुसऱ्यानें नाकारलें, एवढाच फरक. हैदराबादच्या स्वतःच्या प्रजेस व नोकरांस दस्तार व बगलूस यांचा दरबारी नियम पुढेंही राहिला. वरून खालीं येणारे हे नियम जहागिरदाराच्या वाड्यापर्यंत, तेथून गांवच्या चावडीपर्यंत पोंचत. आणि चावडीच्या पायरीशीं सोडलेल्या वहाणांवरून आंत कोण आहे हें जाणणारी माणसें प्रत्येक गांवीं असत.

तिसरें उदाहरण पुण्याचें आहे व तें या दोहोंस उत्तर देणारें आहे. १८८८ च्या मार्चांत हरि रावजी चिपळूणकर यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ केला. निमंत्रित मंडळी शेले, अंगरखे व जवाहीर घालून आली. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषांत आले. खांद्यावर घोंगडी होती, व पायतणही शेतकऱ्याच्या पायांतलें. राणीसाहेबांची खरी प्रजा अशी आहे, जरीचे कपडे घातलेली नव्हे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. जोतीरावांजवळ चांगला पोशाख नव्हता असें नाहीं. समारंभास रोजची वहाण निवडणें ही त्यांची जाणूनबुजून केलेली निवड होती. महादजींनीं जोडा हातांत घेऊन जें साधलें, सॉण्डर्सनें बूट पायांत ठेवून जें साधलें, तें जोतीरावांनीं प्रसंगास न शोभणारें पायतण घालून साधलें. तिघांसही पाहणारांच्या डोळ्यांची पुरती ओळख होती.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. निवड करण्याची मोकळीक सर्वांस नव्हती. वरच्या समजल्या गेलेल्या जातींच्या घरांवरून जातांना, किंवा पाटलाच्या वाड्यासमोर, अस्पृश्य मानलेल्या माणसास वहाणा काढून हातांत घ्याव्या लागत. नवा जोडा घालणें हाच त्याचा अपराध ठरे. जी वहाण त्याच्याच भाऊबंदांनीं कमावलेल्या चामड्याची, ती त्याच्या पायांत शोभत नाहीं, असा हा न्याय होता. म्हणून जुन्या वर्णनांत 'अनवाणी' हा शब्द आला असतां अभ्यासकानें तो एकाच अर्थानें घेऊं नये. तुळजापूरच्या वाटेवर चौसाळ्यावरून तीन माणसें अनवाणी जात आहेत असें समजा. एकानें देवीस नवस केला आहे. दुसऱ्याची वहाण तुटली असून नवी घेण्याची ऐपत नाहीं. तिसऱ्याची वहाण हातांत आहे, कारण पुढें वाडा आहे. चित्रकारास व प्रवाशास तिघांचे पाय सारखेच दिसतील. पहिल्याचें अनवाणीपण हा सर्वांत मोठा समारंभ आहे, दुसऱ्याचें दारिद्र्य आहे, तिसऱ्याचें दास्य आहे. हा भेद करतां येत नसेल तर आम्ही पायांचा इतिहास लिहितों असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

बलुतें मोडल्यावर व गिरणीचा माल आल्यावर मागील सर्व पायऱ्या हलल्या. बाटा कंपनीनें १९३१ पासून हिंदुस्थानांत बूड रोवलें, व रोख किंमतीचा, ठराविक मापाचा जोडा बाजारच्या गांवीं मिळूं लागला. जुन्या देशी जोड्यांत पुष्कळदां उजवा-डावा असा भेद नसे. वापरतां वापरतां तो पायाचा आकार घेई. नवा बूट उलट पायालाच आपला आकार देतो. बुटानें कचेरी व लग्नमंडप जिंकला. आणि रोजची वहाण मात्र फिरून मानास चढली. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, तींत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकांतील चार जिल्हे आहेत. २०२५ च्या जूनमध्यें मिलान येथें प्राडा या इटालियन पेढीनें पुरुषांच्या वस्त्रप्रावरणांच्या प्रदर्शनांत तशाच घडणीचीं पायतणें मांडलीं. तीं कोठलीं हें प्रथम सांगितलें नाहीं, ओरड झाल्यावर मान्य केलें. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेल्या चामड्याची, खिळा न मारतां वादीनें शिवलेली शेतकऱ्याची वहाण आज नवरदेव मंडपांत हौसेनें घालतो. शंभर वर्षांपूर्वीं त्याच्या पणजोबानें ती मंडपाबाहेर ठेवून शेजाऱ्याचा तांबडा जोडा उसना घेतला असता.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं तरवारी, कट्यारी, पगड्या व अंगरखे आहेत. जोडे फार थोड्यांच्या आहेत. कातडें किडतें व कुजतें, हें एक कारण. जोडा घरांत ठेवण्यासारखी वस्तु नव्हे ही जुनी भावना, हें दुसरें. तेव्हां ज्यांस जुना जोडा, वहाण किंवा खडावांची जोडी मिळेल त्यांनीं ती धुऊन व तेल लावून नवी करूं नये. झीज हाच तिच्यावरील लेख आहे. टाच दाबलेली आहे कीं उभी, अंगठा झिजला आहे कीं तळ, हें टिपून ठेवावें. ती कोणत्या गांवीं मिळाली, कोणत्या प्रसंगीं घालीत, कोणाच्या दारांत काढीत, आणि करणारा कोण, या चार गोष्टी विचाराव्या. चौथी बहुधा कोणी सांगत नाहीं, म्हणून ती आधीं विचारावी. याद्या वाचणारांनीं 'जोडा १' या नोंदीपाशीं थांबून तिच्या शेजारचा आंकडा पाहावा. चौसाळ्यासारख्या गांवांतील जुने वाडे पडत आहेत, व ढाळजेंतल्या कोनाड्यांतून टाकून दिलेली एखादी जोडी उकिरड्यावर जात आहे. ती उचलण्यास कोणास संकोच वाटला, तर महादजींनीं दरबारांत काय उचललें होतें, तें त्यानें आठवावें.